सल्ला त्यांचा, नुकसान कोणाचे?

दुसरे महायुद्ध जिंकूनही इंग्लंडातील गृहिणीला लोणी, मार्गरीन आणि तळणाची चरबी रेशनकार्डावरच घ्यावी लागत होती. खाद्यतेलाचा तुटवडा जगभर होता. १९४६ साली युनायटेड आफ्रिका कंपनी या बड्या व्यापारी कंपनीचे एक प्रमुख फ्रँक सॅम्युअल टांगानिकावरून (आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) विमानाने चालले होते. खाली मैलोन्‌मैल झुडपी रान पसरलेले दिसले. एवढी जमीन मोकळी पडली आहे, तर यंत्रे लावून तेथे भुईमूग का पिकवू नये, अशी कल्पना त्यांनी ब्रिटिश सरकारपुढे मांडली. सरकारने जॉन वेकफील्ड यांच्या नेतृत्वाखाली तिघांचे पथक पाठवले. पथकाने नऊ आठवडे पाहणी केली, त्यातली बरीचशी विमानातून. मग अहवाल दिला. ३०,००० एकरांचा एक असे १०७ मळे, म्हणजे सुमारे ३२ लाख एकर रान सहा वर्षांत साफ करावे आणि भुईमूग लावावा. खर्च सुमारे २ कोटी ४० लाख पौंड.

पुढे काय झाले ते आता इतिहासजमा आहे. कोंग्वा या ठिकाणी काम सुरू झाले. युद्धातून उरलेले जुने ट्रॅक्टर आणि बुलडोझर आणले गेले. झुडपांची मुळे आणि गोरखचिंचेचे अजस्र बुंधे यांच्यापुढे ते भराभर मोडू लागले. जी जमीन साफ झाली तिने निराळाच प्रश्न उभा केला. भुईमुगाचे फूल जमिनीवर येते, पण त्याच्या आऱ्या मातीत शिरल्यावरच शेंग धरते. त्यामुळे या पिकाला भुसभुशीत माती लागते. कोंग्वाची माती चिकण होती. पाऊस थांबला की ती विटेसारखी कडक होई आणि शेंगा बाहेर काढता येत नसत. मातीतल्या गारगोटीच्या कणांनी अवजारे झिजत. पाऊसही बेभरवशाचा. १९५१ च्या जानेवारीत सरकारने मूळ योजना सोडून दिली आणि ३ कोटी ६५ लाख पौंड बुडीत खाती टाकले. मौज अशी की, जो लहान प्रमाणावरचा प्रयोग सर्वांत आधी व्हायला हवा होता, तो करण्याचा निर्णय त्यानंतर झाला.

वेकफील्ड अडाणी होते असे मुळीच नाही. ते टांगानिकाच्याच शेती खात्याचे प्रमुख राहिलेले होते. त्या पट्ट्यात पावसाचा नेम नाही, हे तेथे गुरे पाळणाऱ्या गोगो लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्याच सुमारास आफ्रिकेच्या दुसऱ्या टोकाला, नायजेरियातील कानो शहरात, लहान शेतकऱ्यांनी हाताने पिकवलेल्या भुईमुगाच्या पोत्यांचे मनोरे रचून ठेवले होते. बंदरापर्यंत माल न्यायला रेल्वेच्या वाघिणी पुरत नव्हत्या. म्हणजे भुईमूग पिकवणारे होते आणि भुईमूगही होता. पण ‘तेल कोठून मिळेल?’ हा प्रश्न पथकाला विचारलाच नव्हता. ‘ही योजना राबवता येईल का?’ असा प्रश्न होता, आणि त्याचे उत्तर आले.

ही कथा वसाहतींच्या काळातली आहे. त्यानंतर आफ्रिका आणि आशियातील देश स्वतंत्र झाले, जागतिक बँक आणि श्रीमंत देशांच्या मदतसंस्था आल्या आणि त्यांच्याबरोबर परदेशी सल्लागार हा एक नवा व्यवसाय उभा राहिला. काही आठवड्यांसाठी यायचे, गावे पाहायची, आकडे जमवायचे आणि अहवाल लिहायचा. या व्यवसायाची चिकित्सा करणारी तीन इंग्रजी पुस्तके आम्हांला महत्त्वाची वाटतात. रॉबर्ट चेंबर्स यांचे ‘रूरल डेव्हलपमेंट : पुटिंग द लास्ट फर्स्ट’ (१९८३), जेम्स फर्ग्युसन यांचे ‘द अँटी-पॉलिटिक्स मशीन’ (१९९०) आणि डेव्हिड मॉसे यांचे ‘कल्टिव्हेटिंग डेव्हलपमेंट’ (२००५). विज्ञान शिकवणाऱ्यांनी ती याच क्रमाने वाचावीत असे आम्ही सुचवू, कारण तिन्ही पुस्तके मुळात निरीक्षणाविषयी आहेत. निरीक्षण कोठे चुकते, या प्रश्नाला ती तीन वेगवेगळी उत्तरे देतात. आमच्या मते तिन्ही उत्तरे खरी आहेत, पण एकेकटे अपुरे आहे.

डांबरी रस्त्यावरून दिसणारे गाव

चेंबर्स यांनी केनियात प्रशासकीय अधिकारी म्हणून काम केले होते. पुढे ते इंग्लंडातील ससेक्स येथील विकास-अभ्यास संस्थेत संशोधक झाले आणि भारतातही त्यांचे बरेच काम झाले. शहरातून खेड्यात धावती भेट देणाऱ्या तज्ज्ञांना त्यांनी ‘विकास-पर्यटक’ ठरवले आहे. या पर्यटकाची नजर कोणकोणत्या बाजूंनी कलते याची यादी हा त्यांच्या पुस्तकाचा गाभा आहे.

पहिला कल रस्त्याचा. गाडी जेथवर जाते तेथवरच पाहणी होते, आणि रस्त्याच्या कडेला दुकाने, पक्की घरे व बऱ्यापैकी शेते असतात. गरीब वस्ती गावाच्या पाठीमागे, ओढ्यापलीकडे किंवा टेकाडावर असते. दुसरा कल प्रकल्पाचा. जेथे काही योजना चालू आहे तेथेच पाहुण्याला नेले जाते. तिसरा माणसांचा. भेटतात ते सरपंच, शिक्षक, दुकानदार, नवे बियाणे घेतलेला शेतकरी. म्हणजे बहुधा पुरुष, बहुधा खाऊनपिऊन सुखी. ज्याने बियाणे घेतले नाही तो भेटत नाही. जो आजारी पडून घरात आहे, जो कामासाठी परगावी गेला आहे किंवा जो मरून गेला आहे, तोही भेटत नाही. चौथा ऋतूचा. पाहुणे पाऊस संपल्यावर येतात. कोरडवाहू मुलखातील गरिबांचे सर्वांत वाईट दिवस असतात पावसाळ्यातले. कणगीतले धान्य संपलेले, शेतीची कामे अंगावर आलेली, हिवताप आणि हगवण घरोघरी. पण तेव्हा रस्ते बंद असतात. पाचवा भिडेचा. पाहुणचार करणाऱ्याला अवघड प्रश्न विचारणे बरे दिसत नाही. आणि सहावा व्यवसायाचा. मृदातज्ज्ञाला माती दिसते, पशुवैद्याला जनावर दिसते. त्या दोहोंवर जगणारे एक कुटुंब सबंध असे कोणालाच दिसत नाही.

ही यादी शिक्षकांना समजावून सांगण्याची गरज नाही. शाळेच्या वार्षिक तपासणीची तारीख आधी कळली की काय होते हे आपण सर्वच जाणतो. भिंतींना चुना लागतो, गैरहजर मुलांना घरून आणले जाते, हुशार मुले पुढच्या बाकावर येतात आणि ज्याचा तास चांगला होतो त्याच शिक्षकाचा तास दाखवला जातो. तपासणीस खोटे लिहीत नाहीत. त्यांनी जे पाहिले तेच ते लिहितात. नमुना निवडण्यातच दोष असला तर मोजणी कितीही काटेकोर केली तरी निष्कर्ष चुकतो, हे संख्याशास्त्रातले साधे तत्त्व आहे. चेंबर्स यांचे मोठेपण हे की, त्यांनी ते तत्त्व जीपगाडीला, ऋतूला आणि चहापाण्याला लावून दाखवले.

बीड जिल्ह्यातील शिक्षकाला तर ऋतूचा कल वेगळा सांगायलाच नको. ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की वर्गातल्या किती जागा रिकाम्या होतात हे हजेरीपटावरच दिसते. डिसेंबरात अशा गावी आलेल्या पाहुण्याला जे गाव दिसेल, ते उरलेल्या माणसांचे गाव असेल.

पण येथेच या पुस्तकाची मर्यादाही जाणवते. चेंबर्स यांचा रोख सल्लागाराच्या सवयींवर आहे. त्याने गाडीतून उतरावे, पावसात यावे, बायकांशी बोलावे, गप्प बसून ऐकावे, म्हणजे त्याला खरे दिसेल, असा त्यांचा विश्वास आहे. हा विश्वास चांगल्या माणसाचा आहे. पण सल्लागाराला खरे दिसले तर तो ते लिहू शकतो का, आणि लिहिले तर ते कोणाला हवे असते का, हा प्रश्न मागेच राहतो. दुसरे पुस्तक तो पुढे आणते.

एका देशाचे वर्णन

लेसोथो हा चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला लहानसा डोंगराळ देश. १९७५ ते १९८४ या काळात जागतिक बँक आणि कॅनडाची मदतसंस्था यांनी तेथील थाबा-त्सेका या डोंगरी भागात एक मोठा ग्रामविकास प्रकल्प चालवला. पीक सुधारायचे, कुरणे सुधारायची, पशुपालन व्यापारी पद्धतीने करायला शिकवायचे आणि रस्ता बांधायचा, असा त्याचा आराखडा होता. फर्ग्युसन हे अमेरिकन मानवशास्त्रज्ञ १९८२-८३ मध्ये तेथे राहिले. त्यांनी गावाचा जसा अभ्यास केला तसाच प्रकल्पाच्या कागदपत्रांचाही केला.

बँकेच्या १९७५ च्या अहवालात लेसोथोचे जे चित्र होते ते आधुनिक अर्थव्यवहाराचा स्पर्श न झालेल्या, पोटापुरते पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या देशाचे होते. फर्ग्युसन या चित्राशेजारी इतिहास आणि आकडे मांडतात. एकोणिसाव्या शतकात हाच देश शेजारच्या मुलखाला धान्य विकत होता. त्याची सुपीक मैदानी जमीन १८६० च्या दशकातील युद्धांत बोअर वसाहतवाल्यांच्या हाती गेली. त्यानंतर तेथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत मजुरीला जात राहिले. पुस्तकात दिलेल्या आकड्यांनुसार, १९७० च्या दशकात ग्रामीण कुटुंबाच्या उत्पन्नापैकी सुमारे ७० टक्के या मजुरीतून येई आणि पिकांतून जेमतेम ६ टक्के. ज्यांना शेतकरी म्हटले गेले ते खाणकामगार होते, आणि त्यांची कुटुंबे थोडीशी शेती करत होती.

मग अहवाल लिहिणाऱ्यांना हे ठाऊक नव्हते का? आकडे उपलब्ध होते. फर्ग्युसन यांचे उत्तर येथे विचार करायला लावणारे आहे. मदतसंस्थेच्या हाती देण्यासारखे काय होते? बियाणे, खत, कुंपण, रस्ता, प्रशिक्षण. खाणीतील मजुरीचा दर, वर्णभेदाचे कायदे, गेलेली जमीन यांपैकी कशालाही ती हात लावू शकत नव्हती. गरिबीचे कारण मजुरी आणि राजकारण यांत आहे असे लिहिले असते, तर त्या अहवालातून प्रकल्प निघालाच नसता. म्हणून जो देश प्रकल्पात बसेल तोच अहवालात उतरला. औषध आधी ठरले आणि रोगाचे नाव त्यावरून आले. १९७९ साली या चिमुकल्या देशाला ६ कोटी ४० लाख डॉलरची, म्हणजे माणशी सुमारे ४९ डॉलरची मदत मिळाली होती. एवढा पैसा वाटायचा तर अहवाल लागणारच.

गुरांचे उदाहरण या पुस्तकातले सर्वांत बोलके आहे. सल्लागारांना डोंगरावर मरतुकडी गुरे दिसली. लोक ती विकत नाहीत, म्हणून कुरणे उजाड होतात. तेव्हा थोडी पण चांगली जनावरे पाळून विकण्याची सवय लावावी, असा सल्ला त्यांनी दिला. फर्ग्युसन विचारतात, लोक का विकत नाहीत? खाणीतून आलेल्या रोख पैशावर घरातल्या सर्वांचा हक्क असतो. बायको मागू शकते, नातलग मागू शकतात. त्याच पैशाचे गुरे घेतले की ते सहजी मोडता येत नाही, कारण नड पडल्याशिवाय गुरे विकू नयेत हा रिवाज आहे. वर्षातले बहुतेक दिवस परदेशी खाणीत असलेल्या माणसाची गावातली पत आणि म्हातारपणाची तजवीज ही गुरेच. ती दुधामांसासाठी पाळलेली नव्हती, तेव्हा ‘सुधारित’ जनावराने त्यांची जागा घेतली नसती. प्रकल्पाने कुंपण घालून एक कुरण मोजक्या सभासदांसाठी राखले. लोकांनी कुंपण तोडले, फाटके पळवली आणि व्यवस्थापकाचे कार्यालय जाळले. अहवालाच्या भाषेत याला ‘जनजागृतीचा अभाव’ म्हणतात. आम्ही त्याला उत्तर म्हणू. लोकांना आधी विचारले असते, तर हेच उत्तर तोंडी मिळाले असते.

शेतीच्या बाजूने प्रकल्प फसला. रस्ता मात्र झाला. त्या रस्त्याने सरकारी कचेऱ्या आल्या, पोलीस आणि लष्कर आले, थाबा-त्सेका हा नवा जिल्हा झाला. १९७० ची निवडणूक रद्द करून सत्तेवर राहिलेल्या सरकारची पकड या विरोधी डोंगरी मुलखावर बसली. कोणत्याही सल्लागाराने हा हेतू मनात धरला नव्हता. पण तांत्रिक सल्ला म्हणून दिलेल्या गोष्टीचा परिणाम राजकीय झाला आणि त्याची नोंद कोणत्याही अहवालात नव्हती. १९९० नंतर खाणींतले रोजगार ओसरत गेले आणि लेसोथोच्या गरिबीचे रूपही बदलले. फर्ग्युसन यांचे विवेचन त्या विशिष्ट काळाचे आहे हे वाचताना लक्षात ठेवावे.

या पुस्तकावर आमचा आक्षेप एकच आहे. यंत्र कसे चालते हे लेखकाने फार बारकाईने दाखवले आहे. इतके की, त्यात सापडलेल्या माणसाने काय करावे असे विचारले तर उत्तर जवळजवळ मिळत नाही. उद्या सकाळी ज्याला गावात जाऊन काम करायचे आहे, त्याच्या हाती हे पुस्तक फारसे काही देत नाही.

सहभागाचीही पेटी

दरम्यान चेंबर्स आणि त्यांचे सहकारी स्वस्थ बसले नव्हते. १९८८ च्या सुमारास केनियात आणि भारतात, विशेषतः कर्नाटक आणि गुजरातमधील स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने, पाहणीची एक नवी पद्धत आकाराला आली. लोकांनीच जमिनीवर रांगोळीने गावाचा नकाशा काढायचा, चिंचोके मांडून कोणत्या महिन्यात किती काम आणि किती उपास ते दाखवायचे, गावातल्या घरांची ऐपत लोकांनीच ठरवायची. काठी लोकांच्या हातात द्यायची आणि तज्ज्ञाने बाजूला बसायचे. आपल्याकडच्या अनेक संस्थांनी ती वापरली आहे आणि शाळांच्या परिसर अभ्यासातही ती चांगली उपयोगी पडते.

पण थोड्याच वर्षांत मदतसंस्थांनी ही पद्धत सक्तीची केली आणि तिचीही एक पेटी तयार झाली. दोन दिवसांत नकाशा, अर्ध्या दिवसात ऋतुचक्र, छायाचित्र काढून अहवालाला जोडायचे. त्यामुळे काय झाले हे मॉसे यांच्या पुस्तकात वाचावे. मॉसे हे ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ. गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरील भिल्ल आदिवासी भागात १९९२ पासून ब्रिटिश सरकारच्या मदतीने आणि कृभको या सहकारी खत संस्थेमार्फत जो कोरडवाहू शेती प्रकल्प चालला, त्याचे ते आरंभापासून सल्लागार होते. म्हणजे हे टीकेचे पुस्तक एका सल्लागाराने आपल्याच कामावर लिहिले आहे.

त्यांचे निरीक्षण असे की, गावसभेत नकाशा काढला जातो तेव्हा बोलतात ते वजनदार घरांतले पुरुष. बायकांना सर्वांसमक्ष असे बोलण्याची ना सवय ना सवड. आणि लोक काही भोळे नसतात. आलेल्या संस्थेजवळ देण्यासारखे काय आहे याचा अंदाज ते घेतात आणि तीच आपली गरज म्हणून सांगतात. रोपे देणाऱ्याकडे रोपे मागतात, बंधारे बांधणाऱ्याकडे बंधारे. मग ‘लोकांची गरज’ म्हणून संस्थेचाच कार्यक्रम संस्थेकडे परत येतो. याच भागातील कुटुंबे वर्षाचे कित्येक महिने सुरत, बडोद्याच्या बांधकामांवर मजुरी करत होती आणि मुकादम व सावकार यांच्या उचलीत अडकली होती. प्रकल्पाचा सगळा भर मात्र शेतीवर होता. लेसोथोत जे घडले त्याचीच ही आवृत्ती होती, या खेपेस लोकांच्या हातच्या रांगोळीसकट.

मॉसे यांचे पुस्तक छापण्यापूर्वीच प्रकल्पातील त्यांच्या काही सहकाऱ्यांनी प्रकाशकाकडे, त्यांच्या विद्यापीठाकडे आणि व्यावसायिक संघटनेकडे हरकत घेतली. हा वाद आम्हांला पुस्तकाइतकाच महत्त्वाचा वाटतो. गावकऱ्यांविषयी शेकडो अहवाल लिहिले गेले. त्यांपैकी किती गावकऱ्यांना प्रकाशनापूर्वी दाखवले गेले असतील? अहवाल स्वतःविषयी झाला तेव्हा मात्र तज्ज्ञांना हरकतीचा हक्क आठवला.

बियाण्याची पाकिटे

याच प्रकल्पातील एक काम मात्र निराळे ठरले. त्यात उरलेल्या प्रश्नाचे थोडे उत्तर आहे, असे आम्हांला वाटते.

भाताचे नवे वाण संशोधन केंद्राच्या शेतावर निवडले जातात. तेथे जमीन सपाट असते, खत वेळेवर मिळते, तण काढले जाते. डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत बिनखताचे तेच वाण कसे वागेल हे त्यावरून कळत नाही. तेव्हा अरुण जोशी आणि वेल्समधील बँगोर विद्यापीठाचे जॉन विटकोम यांच्या गटाने देशात इतरत्र प्रसृत झालेल्या वाणांची थोडी थोडी बियाणी शेतकऱ्यांना दिली. आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी, आपल्या नेहमीच्या पद्धतीने लावा आणि काय वाटते ते सांगा, एवढीच अट. अनेकांनी ओरिसातील ‘कलिंगा ३’ हे वाण उचलले. त्या भागासाठी त्याची अधिकृत शिफारसच नव्हती. ते लवकर तयार होई, म्हणजे पाऊस लवकर गेला तरी हाती लागे, आणि दाणा चांगला होता. पण शेतकऱ्यांनी त्याचे दोषही सांगितले. ते आडवे पडते हा एक. त्यावरून संशोधकांनी कलिंगा ३ आणि आयआर ६४ यांचा संकर केला आणि पुढच्या पिढ्यांची निवड शेतकऱ्यांबरोबर करून ‘अशोका’ नावाचे वाण काढले.

परदेशी तज्ज्ञ येथेही होते. मग फरक कशाने पडला? आमच्या मते तीन गोष्टींनी. पाकीट लहान होते, त्यामुळे वाण फसले तर नुकसान एका वाफ्याचे. शेतकरी ‘नको’ म्हणू शकत होता, आणि त्याच्या ‘नको’मुळे त्याचे काही अडत नव्हते. आणि ते ‘नको’ ज्याने वाण निवडले त्याच्यापर्यंत पोचत होते. त्यावर त्याला पुढचे काम करावे लागत होते. टांगानिकात यांपैकी काहीच नव्हते. लेसोथोत ‘नको’ पोचले ते कुंपण तोडून.

विज्ञानात गृहीतकाला खोटे ठरण्याची संधी द्यावी लागते, असे आपण मुलांना शिकवतो. ही संधी कागदावर देऊन भागत नाही. खोटे ठरवणारा माणूस आणि गृहीतक मांडणारा माणूस यांच्यामध्ये वाट लागते. प्रकल्पांच्या आराखड्यात एक प्रसिद्ध तक्ता असतो. उद्दिष्टे, कामे, मोजमापे अशा रकान्यांनंतर शेवटचा रकाना असतो ‘गृहीत गोष्टीं’चा. पाऊस वेळेवर पडेल, बाजारभाव टिकेल, लोक सहकार्य करतील, असे सारे तेथे लिहिलेले असते. ज्या गोष्टींवर गावाचे जगणे-मरणे अवलंबून असते त्या बहुतेक याच रकान्यात जातात, आणि प्रयोग उरलेल्या रकान्यांवर होतो.

परदेशी सल्लागार नकोतच, असा याचा अर्थ कोणी काढू नये. नॉर्मन बोरलॉग १९४४ साली मेक्सिकोत गेले ते गव्हाच्या शेतात वर्षानुवर्षे राहण्यासाठी. आपले वाण तांबेऱ्याला बळी पडले तर ते पाहायला ते स्वतः तेथेच असत. १९६३ साली ते भारतात आले तेव्हा त्यांच्या सल्ल्यामागे तो काळ उभा होता, आणि तरीही मेक्सिकन गव्हाच्या चाचण्या आपल्या शास्त्रज्ञांनी येथील शेतांत घेतल्या. हरित क्रांतीच्या बऱ्यावाईट परिणामांची चर्चा निराळी. प्रश्न परकेपणाचा नाही. देशी सल्लागारही राजधानीतून जीपगाडीनेच येतो. शिवाय आता आपणही सल्ला देणाऱ्यांच्या रांगेत आहोत. भारत सरकारची वापकोस ही सल्लागार कंपनी आफ्रिकेतील अनेक देशांत पाणी आणि सिंचनाची कामे करते. ही पुस्तके केवळ गोऱ्या तज्ज्ञांची फजिती म्हणून वाचली, तर त्यांतून आपण काहीच शिकलो नाही असे होईल.

चेंबर्स सांगतात, नजर सुधारा. फर्ग्युसन दाखवतात की नजरेला काय दिसावे हे पैसा देणारा आधीच ठरवतो. मॉसे दाखवतात की लोकांनाही ते ओळखता येते आणि ते तसेच बोलतात. त्यात आम्ही एवढीच भर घालू की, कोणताही अहवाल वाचताना शेवटी विचारावे : हा सल्ला चुकला तर कोणाचे काय जाईल? सल्लागाराचे मानधन परत मागितले जाते का? कोंग्वाचे नुकसान ब्रिटिश करदात्याने भरले. निदान त्याला संसदेत जाब विचारणारे प्रतिनिधी होते. गोगो लोकांना तेही नव्हते.

शाळेत गावाची पाहणी हा प्रकल्प बहुतेक ठिकाणी होतो. मुले वह्या घेऊन घरोघर जातात, तक्ते भरतात, आलेख काढतात आणि गुण मिळतात. त्यात दोन लहान बदल करून पाहावेत. तक्त्याच्या शेवटी एक रकाना वाढवावा : ‘कोण भेटले नाही, आणि का?’ कुलूप असलेली घरे, शेतावर गेलेल्या बायका, हंगामाला गेलेली कुटुंबे त्यात येऊ द्यावीत. आणि निष्कर्ष काढून झाले की मुलांनी ते ज्यांच्याविषयी आहेत त्यांनाच वाचून दाखवावेत, आणि लोक ‘असे नाही’ म्हणाले तर तेही शब्दशः लिहून ठेवावे. गुण देताना आलेखाच्या रंगांपेक्षा या नोंदी अधिक काळजीने पाहाव्यात. दुसऱ्या खेपेला त्याच गल्लीत गेल्यावर मुलांना लोक काय सांगतात, ते आम्हांला जरूर कळवावे.